फ्लॉवरच्या पट्टीतलं ‘इतर’ म्हणजे काय?

ओतूरची लेक, भांडुप

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ. प्रश्न शेतीचा आहे, पण मी शेतकरी नाही. माहेर ओतूरजवळ. लग्न होऊन भांडुपला आले त्याला एकवीस वर्षं झाली. फोर्टात एका ऑफिसात हिशोब बघते. धाकटा भाऊ गावी तीन एकर करतो, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला. आलटून पालटून फ्लॉवर, कोथिंबीर, फरसबी. माल रात्रीच्या गाडीनं माळशेज उतरून वाशीच्या मार्केटला जातो. वडिलांच्या वेळेपासून माल विकून देणारा आडत्या एकच. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणतो. शेजारच्याच गावचे आहेत.

मागच्या शनिवारी भाऊ आईला डोळे दाखवायला मुंबईला घेऊन आला. आईची औषधं एका कागदात गुंडाळलेली होती. तो कागद म्हणजे शेठची पट्टी, विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासल्यावर कागद दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. जशी होती तशी उतरवते.

फ्लॉवर ४० गोणी. १८ गोणी, ६९४ किलो, भाव ९. १६ गोणी, ६१२ किलो, भाव ७. ६ गोणी, २३२ किलो, भाव ४. एकूण ११,४५८ रुपये. त्यातून गाडीभाडं २,४००, हमाली ३६०, तोलाई १२०, वाराई १६०, इतर २३०. राहिले ८,१८८. त्याच्या खाली पेनानं ‘उचलीपोटी ३,०००’, म्हणजे शेठकडून आधी घेतलेल्या पैशांची फेड. हातात ५,१८८.

भाऊ म्हणतो घरून प्रत्येक गोणी चाळीस किलोची भरली होती, म्हणजे १,६०० किलो. पट्टीत १,५३८. बासष्ट किलो फ्लॉवर माळशेज घाटात उतरून गेला का?

तोडणीला सात बायका होत्या, तीनशे रुपये रोजानं. गोण्या पंधरा रुपयाला एक. ८,१८८ मधून हे दोन खर्च वजा केले की साडेपाच हजारसुद्धा राहत नाहीत, आणि त्यात अजून रोपं, खत, औषध, पाणी, त्याची स्वतःची तीन महिन्यांची मेहनत काहीच धरलेलं नाही.

खरं झोंबलं ते पुढचं. पट्टीवरची तारीख बघून मोबाइल उघडला. त्याच दिवशी संध्याकाळी भांडुप स्टेशनबाहेर मी फ्लॉवर घेतला होता, पंधरा रुपये पाव. पैसे मोबाइलवरून दिले म्हणून नोंद सापडली. साठ रुपये किलो! भावाला किलोमागे पडले (८,१८८ भागिले १,६००) पाच रुपये बारा पैसे. माझ्या रुपयातले साडेआठ पैसे माझ्या सख्ख्या भावाला. तो फ्लॉवर आमच्याच शेतातला असला तर? कीड निघाली म्हणून अर्धा फेकला होता मी.

भावाला म्हटलं, शेठना विचार ना हे ‘इतर’ काय ते. तो म्हणाला, “ताई, शेठला विचारायचं नसतं.” आणि विषय संपला. त्याची बाजूही सांगते. २०१९ साली आईचं ऑपरेशन अचानक निघालं तेव्हा रात्री अकरा वाजता शेठनी साठ हजार पाठवले होते. कागद नाही, व्याज नाही. मी तेव्हा पगाराची वाट बघत होते. बियाणं-खताला अधूनमधून उचल चालूच असते. आज बेचाळीस हजार बाकी आहे.

तर विचारायचंय असं: ‘इतर’ म्हणजे काय? वजन कुठे जातं? आणि आमच्या सोसायटीत १८४ घरं आहेत, भावानं आठवड्याला एक गाडी थेट इथं आणली तर? नवरा म्हणतो, तू नोकरी सांभाळ.

जुना मेहताजी

ताई, १९९६ ला भाजीपाला बाजार भायखळ्याहून वाशीला गेला, तेव्हापासून मी एका आडत्याच्या गाळ्यावर हिशोब लिहायला होतो. आता घरी आहे. कुठल्या गाळ्यावर ते विचारू नका.

‘इतर’चं सोपं आहे. २३० ला ११,४५८ नं भागा. शेकडा दोन. ती आडत आहे, आडत्याची दलाली. २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याआधी पट्टीवर ‘आडत’ असा सरळ रकाना असायचा आणि टक्केही जास्त असायचे. रकाना गेला. सवय कशी जाईल? कोणी ‘इतर’ लिहितं, कोणी आणखी काही. तुमचे शेठ दोनच टक्के घेतात, म्हणजे त्यातल्या त्यात सोवळे.

हमाली, तोलाई, वाराई यांच्यावर संशय घेऊ नका. ते माल उतरवणाऱ्या-तोलणाऱ्या माथाडी कामगारांच्या ठरलेल्या दरानं जातं, शेठच्या खिशात नाही.

वजनाचं म्हणाल तर गोणीमागे दीड किलो गेलंय. रिकाम्या गोणीचं वजन, वाटेत सुकलेलं पाणी आणि कडता, म्हणजे वजनातली कापणी, असं तिन्ही त्यात आहे. फ्लॉवर संध्याकाळी तोडून ओला भरला असेल तर पहाटेपर्यंत गोणीमागे किलोभर उतरतोच. उरलेलं अर्धा किलो खरेदीदाराचं मन राखायला. त्याला आम्ही सूट म्हणायचो. शेतकरी समोर उभा असला की सूट कमी होते, हेही सांगून टाकतो.

आता साठ रुपयांचं. तुमचा भाऊ फ्लॉवर पाल्यासकट पाठवतो ना? पाला असतो म्हणून तर गड्डा घाटात घासत नाही. भांडुपचा भाजीवाला गोणी फोडून पाला-देठ काढतो तेव्हा चाळीसाचे अठ्ठावीस-तीस किलो उरतात. म्हणजे नऊचा माल आडत-हमाली धरून साडेदहाला उचलला तरी साफ केल्यावर चौदा-पंधराला पडतो. टेम्पो, मधला व्यापारी, आणि भांडुपला हातगाडीवर येईपर्यंत वीस-बावीस. तिथून साठ! ते अंतर मी नाकारत नाही. पण ते वाशीत नाही, तुमच्या स्टेशनबाहेर आहे. त्याला विचाराल तर तोही रडेल: रात्री नऊला उरलेला माल दहा रुपये पाव ओरडतो, सकाळी पिवळा पडलेला टाकून देतो, जागेचे ज्याला द्यायचे त्याला देतो. थोडं खरं, थोडं नाटक.

माझ्या मते तुमच्या पट्टीतला महत्त्वाचा आकडा २३० नाही, खालचा ३,००० आहे.

घोडबंदरवाला

सोसायटीत विकायच्या प्रश्नावर मी बोलतो, कारण मी विकलाय.

२०२० चा लॉकडाऊन. पुरंदरच्या मामेभावाचा माल, आमचं कॉम्प्लेक्स, व्हॉट्सअॅप ग्रुप, ‘शेतातून थेट दारात’. पहिल्या आठवड्यात ६० ऑर्डरी. लोक गच्चीतून टाळ्या वाजवत होते हो, अक्षरशः. मामेभाऊ रडला. मीसुद्धा.

दिवाळीपर्यंत ऑर्डरी ११ वर. का? बाजार उघडले. मग सुरू: मेथी निवडून मिळेल का? कोथिंबीर फुकट नाही? टोमॅटो एकसारखे का नाहीत? एका काकूंनी दुधी परत पाठवला, तो वाकडा होता म्हणून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: लोकांना आठवड्याला अकरा भाज्या लागतात, मामेभावाकडे एका वेळी तीन पिकतात. बाकीच्या आठ मी पहाटे कुठून आणायचो? वाशीहून! म्हणजे दलाल हटवता हटवता मी स्वतः दलाल झालो, आणि तोही तोट्यातला.

उरलेला माल हा खरा शत्रू. वाशीचा आडत्या चाळीसच्या चाळीस गोणी विकून देतो. तीन रुपयांनी का होईना, विकतो. तुमची सोसायटी बारा गोणी घेईल आणि अठ्ठावीस गोणी तुमच्या पार्किंगमध्ये सडतील. सेक्रेटरीचा फोन येईल तो वेगळाच.

तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

कुजका बटाटा

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा विकला, खर्च वजा जाता हातात २ रुपयांचा चेक आला. पेपरात फोटो होता. तुमच्या भावाला ५,१८८ मिळाले, पेढे वाटा.

ओतूरची लेक, भांडुप

@कुजका बटाटा, नाव शोभतंय.

@मेहताजी काका, २३० ची टक्केवारी माझ्या लक्षात यायला हवी होती. ऑफिसात हेच तर करते. पण ३,००० चं नीट कळलं नाही. ती तर आमचीच बाकी आहे, फेडायला नको का?

जुना मेहताजी

फेडायलाच हवी. पण कशी फेडली जाते ते बघा. बाकी आहे तोवर माल दुसऱ्या गाळ्यावर जाऊ शकत नाही. कोणी अडवत नाही, तुमच्या भावालाच तोंड दाखवायची लाज वाटते. आणि माल एकाच गाळ्यावर येत असला की भाव एकच माणूस सांगतो. व्याज नाही म्हणता? व्याज भावात असतं. किलोमागे चार आणे, आठ आणे. ते पट्टीत कुठल्याच रकान्यात दिसणार नाही.

शेठ वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. माझे शेठही लग्नाकार्याला धावायचे. शेतकऱ्याला रात्री अकराला साठ हजार देणारी बँक असती तर आमचे अर्धे गाळे बंद पडले असते.

वाडीवरची

मुलाच्या मोबाइलवरून सांगून लिहून घेतेय. आम्ही वसईकडचे. सासूपासून धंदा, दादरला आणि आता बोरिवलीला. केळीची पानं, अळू, वांगी, सोनचाफा. पहाटेच्या विरार लोकलच्या मालडब्यात आमची जागा ठरलेली.

थेट विकतो आम्ही. मधे कोणी नाही. पैसा चांगला सुटतो. पण ताई, दोन वाजता उठते, चारला स्टेशन, अकरापर्यंत फुटपाथ, दुपारी वाडी. गुडघे गेले. पालिकेची गाडी आली की टोपलं उचलून पळायचं, एकदा पळताना चाफ्याची पाटी सगळी रस्त्यावर सांडली, बसच्या चाकाखाली गेली. चारशे रुपयांचा चाफा होता. वास मात्र दिवसभर येत होता तिथं.

आणि माझ्या वाडीचं संपलं की शेजारणीचं घेऊन जाते मी. तिला मी वांगी वीसनं मोजते आणि चाळीसनं विकते. ती मला दलालच म्हणत असेल घरी.

तुझ्या भावाला ओतूरहून रोज येणं जमणार नाही. आमची वाडी गाडीच्या टप्प्यात आहे म्हणून जमतं.

आळेफाट्याचा पोऱ्या

ताई, गाववाले आहोत. आमचा शेतकऱ्यांचा गट आहे, दोन वर्षांपूर्वी त्याची उत्पादक कंपनी केली. दहा शेतकरी जमले की कायद्यानं कंपनी काढता येते. पण कंपनी काढली म्हणजे सुटलो असं नाही. सीएची फी, ऑडिट, आणि पहाटे तीनला वाशीत उभा राहणारा विश्वासाचा माणूस लागतोच. मोहाडीची सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी सगळे दाखवतात, त्यांचं कौतुकच आहे, पण त्यांनी द्राक्षापासून सुरुवात केली. द्राक्षाला बाहेरदेशी गिऱ्हाईक आहे, शीतगृहात थांबायची सोय आहे. फ्लॉवरला थांबायची सोय कुठे?

आधी करता येण्यासारखं सांगतो.

भावाच्या फोनवर पणन मंडळाचे रोजचे भाव बघायला शिकवा. प्रत्येक बाजाराचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असतो, क्विंटलला. शेठ म्हणाला नऊ आणि मुंबईचा सर्वसाधारण त्या दिवशी चौदा, असं सलग चार वेळा झालं तर काहीतरी आहे. एकदाच झालं तर मालाची प्रत.

दुसरं म्हणजे प्रतवारी घरी करा. तुमच्याच पट्टीत एकाच शेतातला माल नऊ, सात आणि चार असा गेलाय. ती चारची सहा गोणी पाठवायलाच नको होती. सहा गोणींचे ९२८ आले आणि भाडंच ३६० गेलं, हमाली-तोलाई-वाराई धरली तर शंभर रुपये अजून, गोणी पंधराची. तो माल ओतूरला आठवडे बाजारात ओतला असता तरी तेवढे सुटले असते. शिवाय वाईट गोणीचं तोंड उघडलं की खरेदीदार चांगल्या गोणीचाही भाव पाडतो.

तिसरं, उचल. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मिळतंय का बघा आणि शेठची बाकी एकदम मिटवा. मेहताजी काकांचं बरोबर आहे. आमच्या गटातल्या चौघांनी आधी हे केलं, मग कंपनीचं नाव काढलं.

आणि एकदा स्वतः जाऊन या वाशीला. मालाबरोबर.

वाचकमात्र

रिझर्व्ह बँकेकडून २०२४ साली आलेल्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत साधारण ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात असं होतं. साडेआठ पैसे वाचून मीही दचकलो, पण पाला धरला तर तुमचा हिशोब थोडा वर सरकेल. त्यांच्या आकड्यापर्यंत पोचणार नाही तरी.

ओतूरची लेक, भांडुप

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

गेलो होतो वाशीला. मी आणि नवरा. (हो, सांभाळून नोकरी.) ठाण्याहून शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडून तुर्भ्याला उतरलो, तिथून रिक्षा. भाऊ मालाबरोबर गाडीतून आला, माझ्याच आग्रहाखातर. चौतीस गोणी. या वेळी त्यानं काटा आणून मोजल्या होत्या, १,३५६ किलो. प्रत्येक गोणीवर निळ्या रंगानं आमच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर. ते अक्षर वाशीच्या ट्यूबलाइटखाली बघून मला उगाच भरून आलं.

मला वाटलं होतं लिलाव असेल, कोणी ओरडेल. तसं काहीच नाही. शेठ एका स्टुलावर, समोर दोन गोण्यांची तोंडं सोडलेली. खरेदीदार येतो, गड्डा उलटा करतो, देठावर अंगठा दाबतो, “पिवळा मारलाय” म्हणतो आणि पुढे जातो. तोच माणूस दहा मिनिटांनी परत येतो. पिवळा कुठेच नव्हता, मी डोळे फाडून बघितलं. तीनच्या सुमाराला पहिल्या बारा गोणी अकरानं गेल्या. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. मग संगमनेरकडच्या दोन गाड्या शेजारच्या गाळ्यावर लागल्या आणि बाजार डोळ्यांदेखत उतरला. चौदा गोणी आठनं. सव्वापाचला शेवटच्या आठ गोणींभोवती कोणी थांबेना. साडेतीन. तोच फ्लॉवर, तेच शेत, त्याच बायकांनी तोडलेला. दोन तासांत अकराचा साडेतीन झाला आणि त्यात कोणी फसवलं असं मला दाखवता येणार नाही.

उजाडल्यावर शेठनी चहा मागवला. मी ‘इतर’चं विचारलं. भाऊ चहाच्या पेल्यात बघत बसला. शेठ चिडले नाहीत. म्हणाले, “ताई, तू शिकलेली, तुझ्यापासून काय लपवायचं,” आणि वही पुढे केली. त्या रात्री आमचा माल नेणारे नऊ जण. रोख दिलेले दोन. बाकी सात उधारीवर, आठवड्यानं, पंधरवड्यानं. एक नाव मागच्या वर्षापासून होतं, त्यापुढे सत्तावीस हजार. “ह्यानं गाळ्याकडं यायचंच सोडलं. तुझ्या भावाला मी कधी सांगितलं का, की थांब, त्याचे आले की देतो?” खरं आहे, नाही सांगितलं कधी. पैसे तीन दिवसांत येतातच. मग म्हणाले, “‘इतर’ तुला टोचत असंल तर पुढच्या पट्टीत नाय दिसणार.”

परत येताना ट्रेनमध्ये भाऊ बोलला नाही. ठाण्याला उतरताना म्हणाला, “पोट भरलं का आता?” मी गप्प.

मेहताजी काकांचं एकाच गाळ्याबद्दलचं वाचून त्याच्या पुढच्या आठवड्यात दहा गोणी दुसऱ्या गाळ्यावर टाकल्या. भाव आठ आणे जास्त मिळाला. आज सोळा दिवस झाले, पैसे आलेले नाहीत. फोन केला की “मेहताजी बाहेर गेलेत” (काका, तुम्ही नाही!). भाऊ मलाच म्हणतो, तूच विचार, मला लाज वाटते. शेठना हे कळलंय की नाही माहीत नाही. वाशीत सगळ्यांना सगळं कळतं असं नवरा म्हणतो.

सोसायटीचा नाद सोडला. पण बिल्डिंगमधल्या चौदा घरांना फरसबी सांगून बघितली, पावसाळ्यात दोन पोती आणणार. पीककर्जाचे कागद जमवतोय, सातबारावर वडिलांचंच नाव आहे अजून, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे तीन चकरा झाल्या. चारवाला माल आता ओतूरलाच विकतो.

हां, आणि त्या रात्रीची पट्टी आली. भाव मी पाहिले तेच: अकरा, आठ, साडेतीन. एकूण १०,५१७. वजन १,३१२, म्हणजे गोणीमागे सव्वा किलोच उतरलं. ‘इतर’चा रकाना कोरा. त्याच्या खाली छापलेलं नाही, पेनानं लिहिलेलं: टपाल २१०.

भावानं फोन करून विचारलं, ताई, टपाल कसलं? पट्टी तर व्हॉट्सअॅपवर आली.

जुना मेहताजी

२१० भागिले १०,५१७. करून बघा.